शेगडी कोण पेटवतं

माझा भाऊ एलिसेओ अडीच हजार किलोमीटरवरून आईची शेगडी पेटवतो. मी दोन गल्ल्यांवरून येऊन ती साफ करते. यातलं मोठं काम कोणाचं, हे देशाच्या दक्षिण टोकाकडच्या आमच्या कोयाइके गावात कोणालाही विचारा, सगळे एलिसेओचंच नाव घेतील. आईने गावभर तसंच सांगून ठेवलंय.

आईचं घर लहान आहे, फळ्यांचं, वडिलांनी लग्नाच्या वर्षी बांधलेलं. फळ्या आता इतक्या वाळल्यात की वारा दार न वाजवता आत येतो. तिथली जुनी लाकडाची शेगडी मी चौदा हिवाळे सांभाळली. लाकूड फोडलं, वाहिलं, ओलं लाकूड गळ्यात मारणाऱ्यांशी भांडले. गेल्या मार्चमध्ये एलिसेओ उत्तरेतल्या वाळवंटातल्या तांब्याच्या खाणीतून सुट्टीवर आला, आणि चार दिवसांत माझी शेगडी भंगारात गेली. तिच्या जागी ही पेलेटची आली. पेलेट म्हणजे भुसा दाबून केलेल्या बारक्या कांड्या, पंधरा किलोचं पोतं येतं. वरून त्या ओतायच्या, आतला स्क्रू त्यांना थोडं थोडं पुढे ढकलतो, काचेमागे ज्योत दिसते, पंखा गरम हवा सोडतो. शिवाय त्याने टीव्हीमागे इंटरनेटचा डबा बसवला. शेगडी त्याच्या मोबाइलला जोडली.

"आई, तू अंथरुणातून उठायचंच नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी सहाला मी तिकडून पेटवीन. तू उठशील तेव्हा घर गरम."

आई रडली. माझ्या शेगडीपाशीही ती रडायची, पण धुराने.

आता या शेगडीचं खरं सांगते. तिच्या पोटात एक लोखंडी वाटी असते, तिच्यात कांड्या जळतात आणि तळाला काळा थर धरतो. तो रोज खरवडावा लागतो. राखेचा खण रिकामा करायचा, काच ओल्या कागदाने पुसायची, पोतं कमरेवर घेऊन वरून ओतायचं. शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटपून मी हे रोज संध्याकाळी करते. वाटी खरवडली नाही तर राजधानीतून मंत्र्याने बटण दाबलं तरी ही बया पेटायची नाही. म्हणजे कष्ट माझे, आणि एलिसेओ आयत्या बिळावर नागोबा.

सकाळी सातला मी गरम पाव घेऊन दार ढकलावं, तर आई पलंगावर, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला, कानाला फोन. "हो रे राजा, छान पेटली. तुझ्यामुळे हातपाय हलतात बघ माझे." मग माझ्याकडे बघून, "पाव तिथे ठेव, नोल्फा. आणि दार लाव, ऊब जाते."

शेजारची सुनिल्दा तर कुंपणावर वाट बघतच असायची.

"नशीबवान हो तुझी आई, दोन्या ओतिलिया," ती म्हणायची. "कुठे तो मुलगा, कुठे ती आई, पण सकाळी पहिली आठवण आईची. नाहीतर आमची कार्टी, याच गावात राहतात, पण फिरकत नाहीत."

"मीही याच गावात राहते, सुनिल्दा. आणि रोज फिरकते."

"तुझं काय गं, तू घरचीच."

पिकतं तिथं विकत नाही, हे काही मला कोणी शिकवायला नको. पण ते रोज सकाळी सातला ऐकायचं म्हणजे जीव जळतो. मी पन्नाशी उलटलेली बाई आहे, नवरा आहे, दोन मोठी मुलं आहेत, आणि मला माझ्या धाकट्या भावाचा मत्सर वाटायचा. खोटं कशाला बोलू. पोतं उचलताना वाटायचा, राख टाकताना वाटायचा, मंगळवारी जरा जास्तच वाटायचा, कारण मंगळवारी शाळेत दीडशे मुलांची भांडी असायची.

जुलैतल्या, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, एका संध्याकाळी मी वाटी खरवडत होते. आई म्हणाली, "तुझ्या बाबांचा पोंचो मी आज पोस्टाने एलिसेओला पाठवला."

हात थांबला माझा. डोक्यातून घालायचा तो करड्या लोकरीचा जाड पोंचो आईने स्वतः विणलेला. बाबा गेले तेव्हा मी तो मागितला होता. आई म्हणाली होती, असू दे अजून घरात.

"त्याला कशाला? वाळवंटात?"

"वाळवंटातही थंडी पडते. जो मला ऊब देतो त्याला माझी थोडी ऊब नको?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. वाटी जागेवर बसवली, कांड्या ओतल्या, आई कपडे बदलायला आत गेली तशी टीव्हीमागे हात घातला आणि इंटरनेटच्या डब्याची वायर काढून एप्रनच्या खिशात टाकली. हिशोब सोपा होता. सकाळी एलिसेओ कितीही बोटं आपटेना, शेगडी पेटणार नाही. आई गारठेल. मग पावणेसातला मी जाईन, हाताने बटण दाबीन, आणि एकदाचं तिला कळेल की या घरात ऊब कोण आणतं.

घरी येऊन जेवले, झोपलेही. लाज वाटली का? वाटली. पण लाजेपेक्षा मत्सर मोठा होता, आणि तोच उशाशी होता. पहाटे मात्र नळाचं पाणी गोठलेलं बघितलं. आई एक्याऐंशीची आहे. मी कोट चढवला आणि पावणेसातची वाट न बघता निघाले.

खिडकीत दिवा होता. मी काचेला नाक लावलं.

आई शेगडीपुढे उशीवर गुडघे टेकून बसली होती. अंगात दोन स्वेटर, नाकावर चष्मा. एका हातात, शेगडी हाताने कशी पेटवायची ते एलिसेओने लिहून ठेवलेला कागद, दुसऱ्या हाताचं बोट बटणावर. ओठ हलत होते. एक, दोन, तीन. शेगडीने गुरगुर सुरू केली. मग आईने खुर्चीला धरून स्वतःला उठवलं, त्याला बराच वेळ लागला, उशी उचलून पलंगावर ठेवली, चष्मा काढला, आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

मी आत गेले.

"आज लवकर आलीस," आई म्हणाली. "बघ, एलिसेओने आत्ताच पेटवली. जरा उशीर झाला त्याला. दमला असेल."

मी वायर काढून तिच्या पांघरुणावर ठेवली.

"हे काय?"

"डब्याची वायर. काल संध्याकाळपासून माझ्या खिशात आहे. हिच्याशिवाय त्याचा फोन या शेगडीपर्यंत पोचत नाही, आई."

तिने वायरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पोंचोमुळे ना?" ती म्हणाली.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"मे महिन्यापासून. एक दिवस सात वाजत आले तरी पेटली नाही. माणूस आहे, विसरतो. मी कागद बघून बटण दाबलं. मग त्याचा फोन आला, तर सवयीने म्हटलं, पेटली रे राजा. तो अडखळत म्हणाला, बरं झालं, आई." तिने वायर बोटाला गुंडाळायला घेतली. "त्यानंतर त्याने एकदाही पेटवली नाही. फोन मात्र चुकवला नाही."

"म्हणजे त्याला माहीत आहे."

"त्यालाही माहीत आहे, मलाही माहीत आहे."

"आणि मी? मी रोज इथे राख काढते आणि तू गावभर त्याचे गोडवे गातेस. सुनिल्दा मला ऐकवते, आई."

"शेगडी यायच्या आधी तो महिन्यातून एकदा फोन करायचा, नोल्फा. कधी तोही नाही. आता रोज करतो. खोट्यासाठी करतो, पण करतो. मी म्हटलं की तू पेटवत नाहीस, तर कुठल्या तोंडाने करेल?"

"माझ्यासाठी काय केलंस कधी असं?"

"तुझ्यासाठी काय करायचं?" आईला खरंच प्रश्न पडलेला दिसला. "तू मी काही न करताही येतेस."

हे कौतुक होतं की आणखी काय, ते ठरवायला वेळच मिळाला नाही. फोन वाजला. सात वाजत आले होते.

आईने तो उचलला नाही. वायर तशीच बोटाला गुंडाळलेली, आणि डोळे माझ्या तोंडावर. मी काय बोलेन याची तिला भीती वाटत होती. माझी आई मला भीत होती.

फोन मी घेतला.

"नोल्फा? तू? आई कुठाय?" एलिसेओचा आवाज लगेच बदलला. "शेगडी... पेटली ना?"

एक वाक्य पुरे होतं. ते माझ्या जिभेवर तयार होतं, चौदा हिवाळ्यांचं. तू मेपासून हात लावला नाहीस, म्हातारी गुडघे टेकून पेटवते, पोंचो परत पाठव. काचेमागे पहिली ज्योत उभी राहिली होती.

"पेटली," मी म्हणाले. "पण तू जरा जास्तच तापवतोस. उद्यापासून एक डिग्री कमी ठेव."

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो."

मी फोन आईच्या हातात दिला आणि पोतं आणायला मागच्या पडवीत गेले. तिथे गार होतं. पोतं कमरेवर घेतलं तेवढ्यात आतून आईच्या हसण्याचा आवाज आला. माझ्याशी बोलताना ती अशी कधी हसत नाही.