मुंजाबांचा आवाज आणि माझी नवी प्रणाली

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी ढिली आहे, बॅटरी कधीच मेली आहे. वायर लावली तरच मी जागा होतो.

वाळूजच्या एका कारखान्यात मी नवाकोरा आलो, तेव्हा सगळे मला जपून हाताळत. सहा-सात वर्षे राबलो. मग नवे लॅपटॉप आले आणि साहेबांनी मला तिथले वॉचमन बिभीषण यांना देऊन टाकले. "पोरीला शिकायला होईल," म्हणाले.

बिभीषण मूळचे पिशोरचे. दुष्काळात चारा-पाणी संपले, मेंढरे गेली आणि घर शहरात आले. शहराच्या कडेच्या सातारा परिसरात नव्या इमारती उठत होत्या. त्यांच्यामागे पत्र्याच्या खोलीत ते राहत. तिथेही टँकरची वाट बघावी लागेच.

त्यांची मुलगी सुकेशनी. तिने आजोबांना, म्हणजे मुंजाबांना, माझ्यासमोर बसवून त्यांचे बोलणे माझ्यात रेकॉर्ड करून घेतले. मेंढराला कोणता पाला द्यायचा, कळप कोणत्या वाटेने न्यायचा, असे ते बोलत राहिले. त्याच वर्षी ते वारले. मग आजी म्हाळसाबाई रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसे.

"लाव गं बाई त्यांचं बोलणं."

ऐकताना ती पदर तोंडाला लावी. इतका मान मला कारखान्यातही मिळाला नव्हता.

पुढे मी फार मंदावलो. उघडायलाच पंधरा मिनिटे लागत. सुकेशनीची मराठी टायपिंगची परीक्षा जवळ आली, तशी ती रडकुंडीला आली. तेव्हा तिची आयटीआयमधली मैत्रीण दिपाली धावून आली.

"ह्याला लई जड झालंय सगळं. विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाकू. फुकट असतंय."

पेन ड्राइव्हवरून तिने आधी एक देखणी प्रणाली चालवून पाहिली. माझी दोन जीबी मेमरी तिला पुरेना. मग लुबुंटू नावाचे सगळ्यात हलके लिनक्स लावले. मेनू खाली डावीकडे, नेहमीसारखा. मराठी अक्षरेही उमटली.

"हेच घेऊ. नवख्याला बी जमतंय."

"माझं सगळं राहील ना पण?" सुकेशनीने विचारले.

"व्हय गं. जुनी विंडोज जाईल फक्त."

पडद्यावर दोन पर्याय आले: जुन्या प्रणालीशेजारी बसवा, किंवा संपूर्ण डिस्क पुसा. दिपालीने दुसरा निवडला.

मी मिनिटभरात उघडलो. दोघींनी टाळ्या वाजवल्या. मग सुकेशनी आजोबांचे फोल्डर शोधू लागली, आणि शोधतच राहिली. मुंजाबा नेमके काय म्हणाले होते, ते आता मलाही आठवत नाही.

औरंगपुऱ्यातल्या दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली. "वरून नवीन लिहिल्या गेलंय, ताई. नाय निघत."

दुपारी आजी आली. "लाव गं."

"आजी, पुसल्या गेलं ते."

"मग परत कधी लागंल?"

सुकेशनीने माझे झाकण मिटले. दिपाली पुन्हा त्या घरी आली नाही.

सुकेशनी परीक्षा पास झाली. मी अजून झरझर चालतो. आजी मात्र माझ्याकडे पाहतही नाही.

मित्रांनो, जुने यंत्र फेकू नका, त्याला सोसेल अशी हलकी प्रणाली जरूर द्या. पण ते बटण दाबण्याआधी त्याच्या पोटातले सगळे दुसरीकडे उतरवून घ्या. मुंजाबांसाठी दहा मिनिटे पुरली असती.