झाकणबाईच्या बरण्या

"अगं, आधी ओट्स की आधी दूध? नीट सांग बाई. माझा परवा असा लगदा झाला, नवरा म्हणाला भिंतीच्या भेगा बुजवायला ठेव," बाटल्यांना लेबलं चिकटवणारी लेबलवाली म्हणाली, आणि कारखान्याच्या कॅन्टीनचं अख्खं टेबल हसलं.

झाकणबाईने हात पुसले. असं कुणी विचारलं की तिला बरं वाटायचं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटायचं.

"आधी ओट्स. मग दूध, ओट्स बुडून वर बोटभर उरेल एवढं. चमचाभर दही, जरासा मध, आणि ढवळायचं. वरून फळं. डाळिंब घाल, स्ट्रॉबेरी घाल, सफरचंद किसून घाल. केळं मात्र आदल्या दिवशी चिरायचं नाही, काळं पडतं. झाकण लावायचं आणि फ्रीजमध्ये. सकाळी गॅस पेटवायचा नाही की काही नाही. ज्याने त्याने आपापली बरणी उचलायची आणि चालू लागायचं."

"आणि घरचे मुकाट्याने खातात?"

"खातात म्हणजे? आमचे सासरेसुद्धा मिटक्या मारत खातात. बरणी धुऊन उपडी घालून ठेवलेली असते मी घरी पोचेपर्यंत."

"नशीबवान आहेस. आमच्या सासूबाई बघतसुद्धा नाहीत बरणीकडे. म्हणतात, हा गारढोण चिखल तुलाच लखलाभ."

"सवय लावावी लागते," झाकणबाई म्हणाली, आणि हे म्हणताना तिचं नाक जरा वर गेलंच.

कारखाना औषधांचा. सिरपच्या बाटल्या पट्ट्यावरून खळखळत येतात, यंत्र त्यांना झाकणं लावतं, आणि यंत्रावर विश्वास नाही म्हणून पुढे ही बसते. मधूनच एक बाटली उचलायची, मनगटाने पिळून बघायची. झाकण हललं तर बाजूला काढायची. इतकी वर्षं हेच केल्यावर हाताला दुसरं काही सुचत नाही. घरातली तेलाची बाटली, मिठाची बरणी, मुलीच्या तेलाची बुधली, जे हिच्या हातून बंद होईल ते पुन्हा उघडताना माणसाला आईचं दूध आठवायचं. नवरा म्हणायचा, "आपल्या घरात चोर आला तर उपाशी मरेल बिचारा." नवरा मालाच्या गाडीवर होता. उजाडायच्या आत तो जायचा, मग मुलगी कॉलेजला, मग ही.

पूर्वी सकाळ म्हणजे रणधुमाळी असायची. इकडे तव्यावर काहीतरी करपतंय, तिकडे मुलीला केसांची पिन सापडत नाहीये, आणि सासरे, ती त्यांना बाबा म्हणायची, ते मात्र शांतपणे टेबलाशी बसलेले. त्यांना गरम खाणं वाढून ही समोर दोन मिनिटं टेकायची, अर्धा कप चहा घ्यायची, आणि ते नळाला पाणी किती जोरात आलं वगैरे सांगायचे. पंपाचे मिस्त्री होते ते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या विहिरीत आणि तळघरात उतरून गंजलेल्या पंपांशी झोंबले. पाण्याशिवाय त्यांना विषय नव्हता. हिचं लक्ष घड्याळाकडे असायचं, तरी हूं हूं करायची.

मग या बरण्या आल्या, आणि सगळं सुतासारखं सरळ झालं. संध्याकाळी जेवणं झाली की ती ओट्यावर चार बरण्या मांडायची. फळं चिरताना गुणगुणायची. एकदा मुलीच्या दप्तरात बरणी गळली, वह्या चिकटल्या, मुलीने आकाशपाताळ एक केलं. त्या दिवसापासून झाकण फिरवून झालं की वर एक जादा पीळ. चारही बरण्यांना सारखाच. तिच्या हाताला दुजाभाव माहीत नव्हता.

त्या दिवशी पट्ट्याचं यंत्र सुरू होतानाच बंद पडलं. थोडा वेळ सगळ्या बसून राहिल्या, मग सुपरवायझरने सांगितलं की आज काही खरं नाही, घरी जा. फुकटची सुट्टी मिळाल्याच्या आनंदात ती बसमधून उतरली. बाबांना आज काहीतरी गरम करून घालू, असं तिने खरोखर मनात आणलं होतं.

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं दुकान. तिथे तिला बाबा दिसले. डाव्या हाताने बरणी छातीशी धरलेली, उजवा हात जिन्याचा कठडा सोडून आल्यावर हवेतच राहिलेला. बाबांनी बरणी पुढे केली. इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी केली, हात पँटला पुसले, आणि बरणी घेऊन झाकण पिळलं. त्यालाही ओठ आवळावे लागले. मग झाकण नुसतं वर टेकवून त्याने बरणी नुकत्याच इस्त्री केलेल्या कपड्यांच्या गठ्ठ्यात खुपसली, आणि बाबा स्टुलावर बसले.

ती समोरच्या दुकानाच्या फळकुटामागे सरकली. स्वतःच्या सासऱ्यापासून आपण का लपलो, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. पाय आपोआप मागे गेले. थोड्या वेळाने बाबांनी बरणी बाहेर काढली, हाताच्या मुठीत चमचा लहान मुलासारखा धरला आणि सावकाश खाल्लं. इस्त्रीवाला काहीतरी बोलत होता, बाबा हसत होते. खाणं झाल्यावर ते तसेच सावकाश जिना चढून गेले.

ते दिसेनासे झाल्यावर ती दुकानात गेली.

"रोज येतात का हो बाबा?"

"रोज. तुम्ही गेलात की तास-दोन तासांनी." तो चादरीवर पाणी शिंपडत होता. "म्हणतात, सूनबाई गडबडीत होती, उघडून द्यायची राहिली. पहिले काही दिवस मलाही खरं वाटलं. मग म्हटलं, अशी कशी रोज राहते?"

ती गठ्ठ्यातल्या चादरीची कड बोटाने सारखी करू लागली.

"राग मानू नका वहिनी. पण काकांच्या बोटांची पेरं बघितलीत का? शर्टाची बटणंसुद्धा माझ्याकडून लावून घेतात कधी कधी. त्यात तुमचं ते झाकण! मी रोजचा इस्त्री दाबणारा माणूस, माझं मनगट भरून येतं. आणि गार खात नाहीत ते. दाढ ठणकते. म्हणून गरम कपड्यांत ठेवतो जरा वेळ."

"मला बोलले नाहीत कधी."

"ते कशाला बोलतील?" असं म्हणून त्याने इस्त्री फिरवायला घेतली. त्याच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. चार शब्द सुनावले असते तर भांडता तरी आलं असतं.

जिना चढताना तिला एकेक आठवत गेलं. बाबा कप दोन्ही हातांनी धरतात, ते तिने पाहिलं होतं, आणि म्हाताऱ्या माणसाला ऊब हवीशी वाटते अशी समजूतही करून घेतली होती. सदऱ्याच्या जागी ते बिनबटणांचा बनियन घालून वावरू लागले तेव्हा, उकाडा आहे. त्यांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरून वाचायला घेतलं तेव्हा, डोळे कमी झाले असतील. प्रत्येक गोष्टीचं उत्तर तिने स्वतःच देऊन टाकलं होतं आणि विचारायचं काम वाचवलं होतं. दिवसभर परक्यांच्या बाटल्यांची झाकणं तपासणारी बाई घरातल्या एका माणसाचे हात बघू शकली नाही. आणि वर कॅन्टीनमध्ये टेंभा मिरवत होती की मिटक्या मारत खातात म्हणून. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाराशी ती थांबली. आत बरणी धुतल्याचा आवाज येत होता. बऱ्याच वेळाने तिने बेल वाजवली.

"आज लवकर?" बाबा म्हणाले.

"यंत्र बिघडलं."

"कसलं बिघडलं? मोटर की पट्टा?" त्यांनी उत्साहाने विचारलं. ती हूं म्हणाली, आणि त्यांच्या ओल्या हातांकडे बघायचं तिने टाळलं.

आता यात सरळ मार्ग एकच होता, की बोलून टाकावं. पण सरळ मार्ग सुचायला मन साफ लागतं, हिचं तर शरमेने काळवंडलेलं. बोललं तर बाबांना कळेल की हिला कळलंय. त्यांचा मान जाईल, असं ती स्वतःला सांगत होती. खरं तर आपलीच मान कशी वर करायची हा प्रश्न होता. तेव्हा तिने चोरवाट धरली. त्या संध्याकाळी तीन बरण्या नेहमीसारख्या पिळल्या, आणि चौथीचं झाकण नुसतं वर टेकवल्यासारखं करून फ्रीजमध्ये पुढेच ठेवली. डाळिंबाचे दाणे मुद्दाम मूठभर जास्त घातले. अपराधी माणूस असाच, जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात लेबलवालीने हाक मारली. "अगं, सासूबाईंनी आज हात तरी लावला बरणीला! आंब्याची कशी करतेस ते सांग ना."

"मला नाही येत आंब्याची," झाकणबाई म्हणाली आणि बाटल्यांकडे वळली. लेबलवालीला वाटलं, हिला कसला एवढा माज आला.

संध्याकाळी घरी आली तर दोरीवर बाबांचा पांढरा शर्ट वाळत होता. नीट पिळताही आलं नव्हतं, खालून पाणी ठिबकत होतं. छातीवर डाळिंबाचा लालसर डाग पसरला होता. ओट्याखालची फरशी चिकट लागली. कुणीतरी पुसली होती, पण वाकून नाही, पायाने फडकं फिरवून.

बाबा टेबलाशी बसले होते.

"सांडलं," ते म्हणाले.

"भाजलं... नाही, लागलं का कुठे?"

"गारच होतं. भाजतंय काय?" ते जरा थांबले. "रोज मी आधी एकदा जोर करून बघतो. जमत नाही, पण बघतो. आज तसाच सगळा जोर लावला, तर ते झाकण हातात, न् बरणी अंगावर."

करायला गेली एक आणि झालं भलतंच. म्हातारा माणूस रोज सकाळी फ्रीजसमोर उभा राहून एकटाच आपली ताकद आजमावत होता, आणि हिने त्यातही त्याला फसवलं होतं.

"झाकण सैल राहिलं असेल," ती पुटपुटली.

"तुझ्या हातून?" बाबा म्हणाले. "तुझ्या हातून सैल राहतं होय?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिने पुसलं नाही.

"बाबा, मी काल बघितलं तुम्हाला. खाली, दुकानात. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तेव्हाच काय, कधीचंच कळायला हवं होतं. माझीच मला लाज वाटते."

"तुला कशाची लाज?" ते एकदम चिडून म्हणाले. "लाज माझी! अरे, ज्या माणसाने पंपाचे नट बिनपान्याचे फिरवले, त्याने काय सुनेच्या मागे फिरायचं, बाई, माझी बरणी उघडून दे म्हणून?"

"मग त्या इस्त्रीवाल्याला कसं सांगितलंत?"

"तो परका आहे. परक्याला सांगायला काय जातं?"

दोरीवरच्या शर्टाचं पाणी ठिबकत होतं.

"उद्यापासून मी गरम काहीतरी करून जाईन," ती म्हणाली. "लवकर उठेन."

"काही नको. अजून किती लवकर उठशील? चव चांगली असते त्याची. डाळिंबाची तर छानच." मग त्यांनी टेबलावरचा एक कण बोटाने सारला. "फक्त इथे एकट्याने बसून घशाखाली उतरत नाही. खाली तो बडबडतो काहीतरी, तेवढंच."

तिने चार बरण्या मांडल्या. तीन बंद केल्या आणि चौथी हातात घेऊन थांबली. हात पुढे जाईना.

"लाव," बाबा मागून म्हणाले. "सगळ्यांची लावतेस तशीच लाव. मला वेगळं नको."

तिने लावलं. शेवटचा पीळही दिला.

सकाळी मुलगी गेली, मग ती चपला घालत होती तेव्हा बाबा आतून आले. शर्ट घातलेला होता, वरचं बटण उघडंच. त्यांनी बरणी तिच्यासमोर धरली आणि नजर भिंतीकडे ठेवली.

"दे उघडून," ते म्हणाले.

तिने झाकण फिरवलं. बरणी त्यांच्या दोन्ही हातांत नीट बसेपर्यंत तिने सोडली नाही. मग न विचारता त्यांचं वरचं बटण लावलं. त्यांनी हनुवटी वर करून लावू दिलं.

"चल, खालपर्यंत येतो," ते म्हणाले.

एरवी ती हा जिना धावत उतरायची. आज त्यांच्या मागे उतरत होती. ते दोन्ही पाय एका पायरीवर आणायचे, मग पुढची पायरी. अर्ध्या जिन्यात असताना रस्त्यावर तिची बस येऊन थांबल्याचा आवाज आला. बाबाही थांबले.

"जा तू पुढे. बस जाईल."

"जाऊ दे," ती म्हणाली.

दुकानाशी पोचले तेव्हा इस्त्रीवाल्याने बाबांना बघितलं, इस्त्री उभी केली, पँटला हात पुसले आणि सवयीने पुढे केला. मग त्याला उघडी बरणी दिसली, बाबांच्या मागे उभी असलेली ती दिसली. पुढे केलेला हात त्याने हळूच मागे घेतला.

तिने मान खाली घातली, आणि स्टूल पुसून बाबांसाठी पुढे सरकवलं.