टेकलेली पिशवी

एकुलता एक लेक ट्रक चालवायचा. महिन्यातून दोनदा घरी टेकायचा, तेही घोरायला. आईने जेवण वाढून वाट बघायची आणि याने झोपेतच हं हं करायचं.

मग कंबरेने दगा दिला आणि डॉक्टरांनी त्याला घरीच पलंगाला जुंपलं. कंबरेला पट्टा, पट्ट्याला दोरी, पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडलेली वाळूची पिशवी. "पिशवी लोंबकळती हवी. टेकली की मुसळ केरात," त्यांनी बजावलं.

पहिल्या दिवशी पोरगं कळवळलं. आईला बघवेना. तिने पिशवीखाली हळूच स्टूल सरकवलं.

"आई, ओढ लागत नाही गं आता."

"सवय होते, बाळा."

उताण्या माणसाला पायथ्याचं काय दिसतंय! पण दुसऱ्या दिवसापासून हे दयेपोटी नव्हतं हो. लेक पोटभर जेवला, लहानपणीच्या गोष्टी काढून हसला, आणि बाईला चटक लागली. डॉक्टर तपासायला यायचे तेव्हा पट्टा आधीच सोडलेला आणि स्टूल कोपऱ्यात, ते वळले की दोन्ही पुन्हा जागेवर.

ट्रकच्या मालकाने महिन्याची मुदत दिली होती. लेक छताकडे बघत म्हणायचा, "गाडी गेली तर मी संपलो, आई." ती त्याचे पाय चेपायची. गेली तर जाऊ दे एकदाची, असं मनात म्हणायची.

महिना सरला आणि मालक स्वतः आला. "गाडी दुसऱ्याला दिली रे. माझाही नाइलाज आहे," म्हणाला. मग त्याची नजर पायथ्याशी गेली. "हे काय? पिशवी स्टुलावर टेकलीय की." त्याने पायाने स्टूल बाजूला सारलं.

दोरी ताणली. लेकाने दात आवळले. ही ओढ त्याने एकदाच, पहिल्या दिवशी सोसली होती. आईने मान खाली घातली आणि त्याला सगळं कळलं.

"मला तुला घरात बघायचं होतं रे," ती म्हणाली.

तो मालकाकडे वळला. "शेठ, गोदामात एक खाट टाकाल?"

मालकाने बोलावलेल्या दोन हमालांनी त्याला उचललं. आई पट्टा घेऊन दारापर्यंत धावली.

"राहू दे," तो म्हणाला. "तिकडे बांधायला परकं माणूस बघेन."

जिना उतरताना तो प्रत्येक पायरीला कण्हत होता. तिला शेवटपर्यंत ऐकू आलं.