डचेस नावाचा मासा

मिल्टन कीन्सला आमच्या घरामागून रेडवेने, म्हणजे पायी आणि सायकलने जायच्या लाल वाटेने, दहा मिनिटं चाललं की पॅरिश कौन्सिलचं, इथल्या ग्रामपंचायतीचं, तळं लागतं. आमचे हे, म्हणजे दीनानाथ तांडेल, रिटायर झाल्यापासून रोज तिथे गळ टाकून बसायचे. मासा पकडायचा, गादीवर झोपवायचा, ओठाच्या भोकाला औषध लावायचं, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. मी चौथीपर्यंत शिकले. पुढे शिकले असते तरी हा खेळ मला कळला नसता. माझी आई मालवणच्या बाजारात टोपली घेऊन बसायची, यांचे वडील रापणीवर जाळं ओढायचे. आमच्याकडे मासा धरला की तो खायचा.

चार वर्षांपूर्वी मी यांचा डबा घेऊन तळ्यावर गेले. गादीवर हातभर लांबीचा कार्प पडला होता, तोंडाची उघडझाप चाललेली, आणि यांच्या गळवाल्यांच्या क्लबची माणसं फोटोसाठी रांगेत उभी. जीव तडफडतोय आणि हे दात काढतायत. मी स्टीलचा थर्मास उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. एकच घाव, आईने शिकवलेला. म्हटलं, संध्याकाळी तिरफळं घालून कालवण करू.

तर तो मासा म्हणजे मादी निघाली. वय पंचवीस, नाव डचेस. क्लबची सेक्रेटरी सारा गवतात बसून रडली. मला तळ्यावर बंदी झाली. तेही चाललं असतं. पण आमच्या ह्यांनी टोपी काढली आणि त्या लोकांना म्हणाले, "फर्गिव्ह हर. शी इज अ व्हिलेज वुमन. शी डझंट नो एनी बेटर."

अडतीस वर्षं मी इथल्या फॅक्टरीत सँडविचं भरली. एवढं इंग्लिश मला येतं.

या जानेवारीत पॅरिशचा पोल, म्हणजे मतदान, आला. तळ्यावरची मासेमारी बंद करावी का, हो की नाही. लोक सांगतील तसं करू, असं कौन्सिलने आधीच जाहीर केलेलं. क्लबवाले खडबडून जागे झाले. पत्रकं वाटली, दारोदार हिंडले, पबमध्ये मीटिंगा घेतल्या. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की इकडच्या मराठी बायका मिसेस तांडेलचं ऐकतात.

सारा केक घेऊन दारात आली. हे तिच्या मागे, स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे.

"मिसेस तांडेल, वी नीड यू."

"तिला विचारा, माझी बंदी उठली का?"

यांनी विचारलं. सारा म्हणाली, कमिटीला विचारावं लागेल.

"विचारू दे. मी कुठे पळून चाललेय."

ती गेल्यावर हे खुर्चीत बसले. "तळं गेलं तर मी दिवसभर काय करू गं?"

"माझ्यासमोर बसा."

यांनी साराचा केक माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "काय केलं तर तू बायकांना सांगशील?"

"रविवारी हळदीकुंकू आहे. तळ्यावर माझ्याबद्दल जे बोललात ते त्यांच्यासमोर बोलायचं. जसंच्या तसं. मग सांगते मी मत द्यायला जा म्हणून."

हळदीकुंकवाला आमच्याकडे पुरुष बाहेर जातात. त्या दिवशी हे एकटे चाळीस बायकांत उभे राहिले. साराही आली होती, कपाळाला कुंकू, मांडीवर वाणाचा प्लॅस्टिकचा डबा. यांनी ते वाक्य म्हटलं. खाली बघून, पण म्हटलं.

हॉस्पिटलातली डॉक्टर सुलक्षणा बसली होती. ती म्हणाली, "काका, तुमचे वडील काय करायचे?"

"रापणीवर होते."

"हे क्लबमध्ये माहितीय?"

यांनी मान हलवली. नाही.

"मग काय सांगितलंय तिथे?"

"नेव्हीत होते म्हणून."

आधी शेजारच्या शिल्पाला हसू फुटलं, मग सगळ्यांनाच. साराने विचारलं, व्हॉट्स सो फनी? सुलक्षणाने तिला इंग्लिशमध्ये नीट समजावून सांगितलं. सारा यांच्याकडे बघत राहिली. यांनी तिच्याकडे बघितलं नाही.

मी माझा शब्द पाळला. म्हटलं, "गुरुवारी पोल आहे गं बायांनो. चार ते नऊ. पोस्टाने मत नाही चालत यात, ऑफिस सुटलं की स्वतः जायचं. सगळ्यांनी जायचं."

"हो म्हणायचं की नाही, काकू?" शिल्पाने विचारलं.

"ते मी खेडवळ बाई काय सांगणार."

गुरुवारी सगळ्या गेल्या. थंडीतून पोरं कडेवर घेऊन गेल्या. सत्तावीस मतांनी मासेमारी बंद झाली.

क्लबने रीडिंग शहराच्या बाजूला दुसरं तळं बघितलं. यांना कुणी कळवलं नाही. यांना ते डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये कळलं, क्लबातल्याच एका म्हाताऱ्याकडून. तो जाताना यांना "अॅडमिरल" म्हणाला.

आता सकाळी दहाला हे माझ्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसतात. पेपर उघडतात, पान उलटत नाहीत. महिनाभर बोलले नव्हते. परवा म्हणाले, "झालं तुझं समाधान?"

"अजून नाही," मी म्हटलं. "पाय वर घ्या, हूवरने केर काढायचाय."