असुसेनाची हाक

क्रिसान्तोकाका गायला लागला की अकरा गायींपैकी जिचं नाव गाण्यात येईल तीच वाडग्याच्या दारात येऊन उभी राहायची. बाकीच्या खुशाल रवंथ करत बसायच्या. आणि आत कोंडलेल्या वासरांतलंही नेमकं तिचंच वासरू आडव्या दांड्यांखालून डोकं बाहेर काढायचं. वासरांना वेगळी नावं नसतात आमच्याकडे. आईचं नाव तेच वासराचं. जन्मल्यापासून रोज पहाटे ते नाव कानावर पडलं की पाठोपाठ तोंडात आचळ येतं, मग ते कोण विसरेल? वासरू दोन घोट लुचतं, गाय पान्हा सोडते, मग वासराला तिच्या पुढच्या पायाशी बांधायचं आणि धार काढायची. काठी नको, आरडाओरडा नको. मी हे सगळं काकाकडून शिकलो, सतरा वर्षं त्याच्या शेजारी उकिडवं बसून. शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

मग एका पावसाळ्यात घोडा चिखलात घसरला आणि माझा खुबा मोडला. आमच्या यानोसच्या माळावर घोड्यावर बसता न येणारा पुरुष म्हणजे खाटेला भार. त्याच वर्षी थोरले मालक ऑक्तावियो वारले आणि त्यांची मुलगी इर्मा बोगोटाहून येऊन मालकीण झाली. तिनं निम्मी गुरं विकली आणि रँचच्या घरात पाहुणे ठेवायला सुरुवात केली. गळ्यात दुर्बिणी घातलेले, पायात गुडघाभर बूट घातलेले पाहुणे. सकाळी गुरं हाकताना बघायची, दुपारी मगरी आणि मुंगीखाऊ बघायचे, आणि जीव टाकायचा तो वाघासाठी. पुस्तकांत त्याला जग्वार म्हणतात, आम्ही वाघच म्हणतो. माझ्या बापानं असे सहा मारले होते, कालवडी खातात म्हणून. मी त्याच जातीची पावलं चिखलात शोधून पाहुण्यांना दाखवायला लागलो. इर्मानं मला वाटाड्या केलं. लंगड्याला दुसरं कोण विचारणार होतं?

फाटकावर तिनं एक पाटी लावली होती. 'इथे वाघासाठी आमिष बांधलं जात नाही.' पाहुणे आले की आधी त्या पाटीचा फोटो काढायचे.

त्या आठवड्यात हॉलंडचे चौघं आले होते. त्यांच्यातला पीटर हा पाहुणे पाठवणाऱ्या कंपनीचा. त्याला वाघ दिसला तर तो हंगामभर गट पाठवणार, नाही दिसला तर शेजारच्या खोऱ्यातल्या रँचवर. हानेके नावाची एक बाई होती, दातांची डॉक्टर, आता निवृत्त. भली होती बिचारी. माझ्या खुब्याला लावायला तिनं मलम दिलं होतं. चार दिवस मी त्यांना उन्हात फिरवलं. डुकराएवढे केसाळ चिग्वीरो दिसले, लाल माकडं दिसली, अॅनाकोंडा दिसला. वाघ काही दिसेना. पाचवी संध्याकाळ शेवटची.

त्या दुपारी इर्मानं काकाला आणि मला स्वयंपाकघरामागे बोलावलं.

"काका, वाघ ओढ्यापलीकडच्या राईत आहे," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बोट केलं. "या रुबिएलनंच ताजे ठसे बघितलेत. संध्याकाळी राईच्या तोंडाशी उभे राहा आणि गाय बोलवा."

"कुठली गाय?"

"असुसेना. तीच एक लांबून येते. बाकीच्या भित्र्या."

"असुसेना माझी आहे," काका म्हणाला.

"म्हणूनच म्हणतेय. रँचच्या गायीला हात लावला तर बोगोटातला भाऊ हिशेब मागून माझा जीव खाईल."

काकानं टोपी काढून हातात धरली. "पोरी, मी धार काढायला गातो. मारायला नाही."

"अहो मारतंय कोण? बांधायचं नाही, ढकलायचं नाही. ती आपल्या पायांनी येणार. पुढचं वाघ बघून घेईल. पाटीवर लिहिलंय ते काही खोटं नाही होत."

"नाही म्हणजे नाही. माझी गाय आहे ती."

"तुमची? मग तिच्या मांडीवर डाग कुणाचा आहे?"

डाग रँचचा होता, आणि तो का होता हे माळावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी पुरात थोरल्या मालकांचा घोडा वाहून गेला, तेव्हा काकानं त्यांना केसांना धरून बाहेर ओढलं होतं. मालकांनी चौदा माणसांदेखत कळपातली एक कालवड दाखवून म्हटलं, ही तुझी, डाग दे तुझा. काकाचा स्वतःचा डागण्याचा शिक्का होता, बापापासून आलेला, झोपायच्या झोळीशेजारी भिंतीवर टांगलेला. पण त्यानं तो तापवला नाही. म्हणाला, मालकांनी तोंडानं दिली, आता तिच्यावर लोखंड टेकवलं तर मालकांच्या शब्दावर माझा भरवसा नाही असं होईल. तेव्हा सगळ्यांनी त्याची वाहवा केली. मीही केली. एवढा खानदानी मूर्खपणा आमच्या माणसांखेरीज कोण करणार? कातडीवर जे असतं तेच आमच्याकडे खरं धरतात, हे चौदाच्या चौदा जणांना ठाऊक होतं.

म्हणजे दुपारी बारा वाजता गाय काकाची होती म्हणून द्यायची होती, आणि बारा वाजून दोन मिनिटांनी ती रँचची होती म्हणून द्यायची होती. काकानं टोपी डोक्यावर ठेवली आणि निघून गेला.

इर्मा माझ्याकडे वळली. "तुला येतं ना गायला?"

"तिला काकाचाच आवाज लागतो, दोन्या इर्मा."

"मग सतरा वर्षं काय माशा मारल्यास?" ती हसली नाही. "हे बघ रुबिएल, हा पीटर असाच गेला तर मी ही जमीन भातवाल्यांना देऊन मोकळी होणार. त्यांना वाटाडे लागत नाहीत. ट्रॅक्टरवर चढता येईल का तुला, या खुब्यानं?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. तिला तेवढं पुरलं.

तिसऱ्या प्रहरी मी काकाच्या खोपटावरून गेलो. जायला नको होतं, पण पाय वळले. तो झोळीत बसून कातड्याचा दोर वळत होता. त्यानं मला काळी कॉफी दिली, साखर जास्त घालून, मला आवडते तशी.

"तू गाणार नाहीस ना रे?" त्यानं विचारलं.

"वेड लागलंय का काका मला?"

"तुला म्हणा तो वरचा सूर कुठं झेपतोय," तो म्हणाला, आणि त्याचे उरलेले चार दात दिसले. "तुझं ऐकून वाघच पळायचा."

"पळेल नाहीतर काय, माझी बायको पळाली तर वाघाची काय कथा," मी म्हणालो. दोघंही पोट धरून हसलो. मी कपातला गाळसुद्धा प्यायलो.

ऊन उतरल्यावर पाहुण्यांना ट्रकमध्ये बसवून ओढ्याच्या अलीकडच्या उंचवट्यावर नेलं. इर्मानं त्यांना सांगितलं की आमचा वाटाड्या आता माळाचं सांजगाणं म्हणेल, जुनी रीत आहे. हानेकेबाईंनी छोटं यंत्र काढून आवाज भरून घ्यायची तयारी केली. मी गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेलो, राईपासून तीसेक पावलांवर उभा राहिलो आणि तोंडाशी हात धरले.

"असुसेना गं, असुसेना... दवात चरली असुसेना... बाळ उपाशी, भरली कास... ये गं बाई, ये..."

लांब, गवतात, एक पांढरं डोकं वर झालं. दुपारपासून वासरू कोंडलेलं, त्यामुळे कास टम्म भरलेली. ती चार पावलं आली आणि थांबली. कान पुढे, मग मागे. आवाजात काहीतरी चुकतंय हे तिला कळलं असावं. त्या क्षणी मी गप्प बसलो असतो तर ती वळून चरायला लागली असती. मला ते समजत होतं, अगदी नीट समजत होतं. मी पुन्हा गायलो, आणि ती निघाली. निघाली कसली, धावतच आली, कास दोन्ही बाजूंना आपटत.

मी गात गात मागे सरकत पाण्यात उतरलो. वाघ राईच्या तोंडातून येईल असं मला वाटलं होतं. तो डाव्या बाजूच्या गवतातून आला. पहिला चावा कानामागे नीट बसला नाही, घसरला. वाघाला मानेवर घेऊन ती तशीच पुढे चालली. पाच पावलं, सात पावलं, सरळ माझ्याकडे. मला कळेना ती पळत का नाही, माझ्याकडेच का येतेय. मग लक्षात आलं की मी अजून गातोय.

मी थांबलो तेव्हा ती गुडघ्यांवर आली. तिला मरायला बराच वेळ लागला. ओढ्याच्या अलीकडून कॅमेऱ्यांचा टकटक टकटक आवाज येत होता.

मी परत ट्रकपाशी आलो तेव्हा हानेकेबाई रडत होत्या. "काय देखणं आहे," त्या म्हणाल्या, "काय देखणं आहे." पीटरनं माझा ओला हात दोन्ही हातांत धरून हलवला. एकानं विचारलं, ती गाय तिकडे कशी काय गेली?

"चुकार असेल," इर्मा म्हणाली. "माळावर हे रोजचंच."

सकाळी निघण्याआधी पाहुण्यांना दूध काढतानाची गाणी ऐकायची होती. इर्मा त्यांना उजाडताना वाडग्यावर घेऊन आली आणि मला जवळ उभं केलं, समजावून सांगायला. काका रात्रीच निघून गेला असेल अशी मला आशा होती. तो जाग्यावर होता, बादली पायांत धरून. आमच्या माळावर आडवं काही नाही, आवाज अर्धा कोस सहज जातो. त्यानं सगळं ऐकलं असणार.

तो दहा नावं गायला, आणि दहा गायी एकेक करून आल्या. पाहुणे हरखून गेले. मग काका थोडा थांबला, घसा खाकरला आणि अकरावं नाव गायला.

वासरू दांड्यांखालून सुसाट बाहेर आलं. आदल्या दुपारपासून उपाशी. आई रोज जिथं उभी राहायची त्या जागी जाऊन ते थांबलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, स्वतःभोवती फिरलं. मग काकाच्या गुडघ्याला ढुशा द्यायला लागलं. काकानं त्याला शेजारच्या गायीला लावून बघितलं. तिनं लाथ मारली. हानेकेबाईंनी खाली बसून त्याच्यासमोर बोट धरलं आणि ते बोट चोखायला लागलं. चौघंही हसले, फोटो काढले.

"आई कुठंय याची?" हानेकेबाईंनी विचारलं.

"येईल," इर्मा म्हणाली. "चरत असेल."

पाहुणे सामान भरायला गेल्यावर मी काकाजवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोच बोलला, माझ्याकडे न बघता, हळू आवाजात.

"वरचा सूर पडला तुझा काल. 'भरली कास'पाशी. श्वास आधी घ्यायचा असतो, कितीदा सांगितलं."

मी मान खाली घातली.

"तरी आली ती," तो म्हणाला. "तिला वाटलं असेल मी आजारी आहे."

रागानं नाही म्हणाला. माझी बोटं आचळावर चुकीची पडली की म्हणायचा तसंच म्हणाला. त्यानं तो कातड्याचा दोर घेऊन मला फोडून काढलं असतं तर मी त्याचे पाय धरले असते. त्यानं मला तीही सोय ठेवली नाही.

ट्रक गेला. इर्मा खुशीत परत आली आणि वाडग्याच्या दांडीवर कोपर टेकून उभी राहिली. पंधरा दिवसांनी सहा जण येणार होते, आणि पीटरनं त्यांना आधीच फोटो पाठवले होते. काकानं वासराला पुढ्यात घेतलं होतं, दोन्ही हात त्याच्या गळ्याभोवती, आणि बादलीत बोट बुडवून बुडवून त्याला चाटवत होता. इर्मा बराच वेळ त्या वासराकडे बघत राहिली.

"हेही नावाला येतं ना?" तिनं विचारलं.

काका बादलीत बोट बुडवत राहिला.

"रुबिएल, तुझ्या आवाजाला येतं का बघ बरं."

काकानं मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्याचे हात वासराच्या गळ्याभोवती घट्ट झाले. फाटकाबाहेर भातवाल्यांच्या जमिनीवर ट्रॅक्टर चालू झाला होता. माझा खुबा ठणकत होता.

मी श्वास आधी घेतला. वरचा सूर या वेळी बरोबर लागला. वासरानं हिसका देऊन काकाच्या हातांतून मान सोडवली आणि ते धावत माझ्याकडे आलं.