भिंतीवरची चिंधी

नोव्हेंबरच्या मधल्या पंधरवड्यात आमच्याकडच्या बायका विधवा असतात, फक्त काळे कपडे घालत नाहीत इतकंच. नवरे हरणांच्या मागे रानातल्या कॅम्पात जातात आणि आम्ही एकमेकींच्या घरी कॉफी पीत बसतो. इतकी वर्षं मीही तेच केलं. यंदा मुलं घराबाहेर पडली, कॅम्पातली जुनी माणसंही एकेक करून कमी झाली, तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, "रूबेन, मीपण येणार. रांधायला नाही हं. बंदूक घेऊन."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. दुसऱ्याच दिवशी मला गाडीत घालून बंदुकांच्या दुकानात घेऊन गेला.

"हिला धक्का कमी बसेल असं काहीतरी दाखव," तो दुकानदाराला म्हणाला. "नवीन आहे ना."

मी शाळेच्या स्वयंपाकघरात बटाट्यांची पोती उचलते. "मी काय काचेची आहे?" मी म्हटलं. पण माझं ऐकतंय कोण!

दुकानदारानं आधी टू-फोर्टी-थ्री नावाची हलकी रायफल काढली. "ही अगदी मऊ. पोरंटोरंसुद्धा चालवतात. पण गोळी हलकी, त्यामुळे नेम जिथल्या तिथे हवा."

"आणि नेम जरा इकडेतिकडे झाला तर?" रूबेननं विचारलं.

"मग ही सेव्हन-एमएम-ओ-एट घ्या. गोळी वजनदार, हरणाला पुरून उरते. आणि खांद्याला म्हणाल तर तुमच्या घरच्या त्या जुन्या थर्टी-ऑट-सिक्स रायफलीच्या निम्म्यानं कमी त्रास."

रूबेननं ती रायफल खांद्याला लावली. खाली घेतली, पुन्हा लावली. दस्त्याच्या टोकाचं जाड रबर अंगठ्यानं दाबून पाहिलं. नुसती डोळ्यासमोर धरून किती वेळ उभा राहिला.

"अरे, बंदूक माझी की तुझी?" मी विचारलं.

दुकानदार हसला. रूबेन कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, दुकानातल्या हीटरमुळे.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी आम्ही हाकोला घराण्यातली मंडळी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेम तपासायला जमतो. कारभार सगळा माझ्या सासऱ्यांचा, आर्विडचा. गुडघे गेले, ऐकू कमी येतं, पण कॅम्पात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. घरातल्या प्रत्येकानं पहिली गोळी आर्विडच्या वडिलांच्या थर्टी-ऑट-सिक्सनंच झाडायची, हा नियम. त्या रायफलीच्या दस्त्याला रबर-बिबर नाही, नुसती पोलादी पट्टी. ती लाथ घालते आणि लाथ खाल्ल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्याहून हलकं काही हातात दिसलं की आर्विड विचारणार, "काय, खारी मारायला निघालात?"

माझी नवी रायफल पाहून त्यांनी तेच विचारलं.

"अहो आर्विड, खार मारली तर रस्सा तुम्हालाच वाढीन," मी म्हटलं.

"जिभेला धार आहे तुझ्या. आता खांदा बघू," ते म्हणाले आणि रूबेनच्या चुलतभावाला, एल्डनला, डोळा मारून थर्टी-ऑट-सिक्स भरायला लागले.

ही नवख्याची गंमत मला ऐकून माहीत होती. न सांगता नळीत झाडून झालेलं रिकामं काडतूस घालायचं. चाप ओढला की नुसतं टिक् होतं, आणि माणूस आवाजाच्या आधीच किती दचकतो ते उघड्यावर दिसतं. मी मनात म्हटलं, दिसू दे. थोडं हसतील, मीपण हसेन.

पण रूबेन तेव्हा निशाणाचे कागद लावायला गेला होता. परत येऊन त्यानं बापाच्या हातातली रायफल घेतली. "थांबा डॅड, तिची पहिलीच वेळ आहे. नेम बरोबर आहे का, मी आधी बघतो."

आर्विडनी तोंड उघडलं आणि मिटलं. पोरगा दगडासारखा स्थिर राहील आणि गंमत आपोआप फुकट जाईल, असं त्यांना वाटलं असणार.

टिक्.

रूबेनचे डोळे घट्ट मिटलेले होते. खांदा मागे गेला होता, दात आवळलेले होते, आणि नळीनं सरळ जमिनीकडे मान टाकली होती. गोळी असती तर समोरच्या खडीत घुसली असती. एल्डनचं हसू अर्ध्यावरच राहिलं. रूबेननं डोळे उघडले तेव्हा आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत होतो.

आर्विडनी रायफल घेतली, रिकामं काडतूस काढून खिशात टाकलं. "गार आहे आज," ते म्हणाले.

मग मी माझ्या रायफलीनं गोळ्या झाडल्या. खांद्यावर कुणी हात मारावा तेवढाच तो धक्का. गोळ्या मधोमध लागल्या, पण कागदाकडे कुणी पाहिलंच नाही. मला चांगली नेमबाजी केल्याचीसुद्धा लाज वाटली.

परत येताना रूबेन गाडी चालवत होता. समोर बघतच तो म्हणाला, "पोरगा होतो तेव्हापासून असंच होतंय. त्या पट्टीनं खांदा काळानिळा झाला होता. तेव्हापासून गोळी सुटायच्या आधीच अंग चोरतो मी."

"म्हणजे ही रायफल..."

"तुझ्यासाठीच घेतली, मार्नी. म्हणजे, तुझी म्हणून घेतली. मग मध्येच कधीतरी तुझ्याकडून मागून नेली असती. कुणी काही बोललं नसतं."

मला राग आला. माझ्या पदराआड लपणारा हा एवढा मोठा माणूस! चांगलं फैलावर घ्यायचं मी ठरवलं होतं, पण तो थांबला नाही. "आणखी एक आहे," तो म्हणाला.

आमच्या कॅम्पात ज्याचा नेम चुकतो त्याच्या शर्टाचा मागचा घोळ कात्रीनं कापतात आणि नाव घालून भिंतीवर खिळ्यानं ठोकतात. हसतात, पाठीवर थापा मारतात, बिअर देतात. भिंत अशा चिंध्यांनी भरलेली आहे. एल्डनच्या दोन आहेत. आर्विडचीसुद्धा एक आहे, धुरानं काळी पडलेली. ज्याची चिंधी नाही तो कॅम्पातला पाहुणा. गेल्या वर्षी रूबेनची लागली, मीच घेऊन दिलेल्या हिरव्या चौकड्यांच्या शर्टाची. घरी आल्यावर मी पोट धरून हसले होते.

"मी चुकलो नव्हतो," रूबेन म्हणाला. "लागली होती. खाली कुठेतरी, पायात. बर्फावर रक्त होतं. थोडा गेलो मागावर. मग दलदलीत अंधार पडायला लागला. परत येऊन सांगितलं असतं तर सगळे कंदील घेऊन निघाले असते. डॅडनी विचारलं असतं, अशी कशी लागली खाली? म्हणून मी रक्तावर बर्फ ओढला आणि येऊन म्हटलं, चुकलो."

जखमी जनावर सोडून येणं. आमच्याकडे दारू पिऊन गाडी झाडावर घालणाऱ्याला माफ करतात, याला नाही.

"बापाला सांग," मी म्हटलं.

"सांगतो. हंगाम संपू दे."

"आज सांग."

"मार्नी, त्यांनी ती चिंधी स्वतःच्या हातानं ठोकलीय."

मीही मग जोर धरला नाही. त्याची लाज आता माझ्याही घरात राहायला आली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी मी दलदलीच्या कडेला बसले होते. उजाडलं तशी देवदारांतून एक नर हरीण बाहेर आलं. जरा लंगडत चालत होतं. मला ते लंगडणं दिसलं आणि रूबेनची गोळी आठवली, पण हात स्थिर राहिले. त्यानं कूस माझ्याकडे केली, मी श्वास सोडला, चाप ओढला. चार उड्या मारून ते पडलं आणि पुन्हा हललं नाही.

कॅम्पात जल्लोष झाला. एल्डननं मला उचलायचा प्रयत्न केला आणि त्याची पाठ धरली. आर्विडनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "खारीच्या बंदुकीनं! बघा रे, खारीच्या बंदुकीनं!" रूबेन हरणाच्या पायाकडे बघत होता.

कातडं सोलताना एल्डनची सुरी खट्कन कशावर तरी अडली. पुढच्या पायाचं हाड मोडून वेडंवाकडं जुळलं होतं, मुठीएवढी गाठ झाली होती. एल्डननं गाठीतून गोळीचा एक पिळलेला तांब्याचा तुकडा काढून आर्विडच्या तळहातावर ठेवला.

"जुनं आहे," आर्विड म्हणाले. त्यांचा आवाज चढत गेला. "गेल्या हंगामातलं. वर्षभर हे जनावर तीन पायांवर फिरलं. पूल ओलांडून शिकारीला येणाऱ्या कुणा शहरी माणसाचं काम. गोळी घालायची आणि मागावरसुद्धा जायचं नाही! असल्या माणसाच्या हातात बंदूक कशाला देतात? त्याला आईबाप होते की नाही?"

एल्डननं मान डोलावली. मी रूबेनकडे पाहिलं नाही. सुरी पुसण्याचं निमित्त काढून फडकं शोधायला लागले. एवढं आठवतं की फडकं माझ्या हातातच होतं.

"होते," रूबेन म्हणाला.

"काय?" आर्विडनी कान पुढे केला.

"आईबाप होते त्याला. डॅड, मी आहे तो. मी चुकलो नव्हतो. रक्त दिसलं होतं मला." तो मोठ्यानं, सावकाश बोलत होता, बापाला ऐकू यावं म्हणून, आणि त्यामुळे ते आणखी भयंकर वाटत होतं. "बर्फ ओढला मी त्याच्यावर."

आर्विडनी त्या तुकड्यावर मूठ मिटली. "तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो तर अशी का लागली ते सांगावं लागलं असतं. ती रायफल मला झेपत नाही, डॅड. कधीच झेपली नाही. तुम्ही काय म्हणाला असतात?"

काय म्हणाले असते ते आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. थोड्या वेळापूर्वीच 'खारीची बंदूक' असं ते दोनदा मोठ्यानं म्हणून झालं होतं. म्हाताऱ्याची मान खाली गेली. आपल्याच बोलण्याची लाज वाटलेला माणूस मी त्यांच्यात पहिल्यांदा पाहिला.

मग ते आत गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी खणातून पक्कड काढली, भिंतीपाशी जाऊन हिरव्या चौकड्यांच्या चिंधीचा खिळा उपटला आणि चिंधी रूबेनच्या हातात दिली.

"ही नेम चुकलेल्यांची भिंत आहे. तुझा चुकला नव्हता," ते म्हणाले. शिवी नाही, आवाज नाही. "आता तू मार्नीची रायफल घे. उद्या माझ्याजवळ बस. मीपण बघतो ती झेपते का मला. माझाही खांदा गेलाय."

आमच्या कॅम्पात काहीही झालं तरी माणसाची थट्टा होते. पाय मोडलेल्याची होते, बायको सोडून गेलेल्याची होते. त्या दुपारी कांदा घालून परतलेली कलेजी आम्ही खाल्ली आणि रूबेनची कुणी थट्टा केली नाही. एल्डननं त्याला आधी वाढलं. पाहुण्याला वाढतात तसं.

जेवण झाल्यावर रूबेन उठला, बापाच्या खुर्चीपाशी गेला आणि ती चिंधी पुढे धरली. पन्नाशी उलटलेला माणूस, पण आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"परत लावा ना, डॅड."

आर्विडनी चिंधी बघितली, त्याच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी टेबलावर राहिलेली पक्कड खणात ठेवली आणि खण बंद केला. चिंधी रूबेनच्या हातातच राहिली.