माझ्या दारावरची यादी

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिवसभर घरघरणारा जुना फ्रीज म्हणजे मीच. कारखान्यात माझ्या पोटात थंडी भरली हे ठीक, पण हा चौकसपणा कुणी भरला, देव जाणे. कुणी दार उघडलं की मला पहिला प्रश्न पडतो, याला नक्की हवंय तरी काय?

या घरात माणसं तीन. बाबा छापखान्यात काम करतात, आई घरीच कपडे शिवते आणि मुलगी शाळेत जाते. मी नवा होतो तेव्हा शेजारणी मला बघायला येत. आता पत्रा गंजलाय, हँडलला चिकटपट्टी आहे. कौतुक आटलं आणि दारावर एक कागद आला. घरचा नियमच तसा. काही घ्यावंसं वाटलं की तारीख घालून इथे लिहायचं, महिन्याने पुन्हा विचार करायचा आणि तेव्हाही हवं असेल तरच घ्यायचं. बाबांनी ऐटीत लिहिलेली व्यायामाची सायकल आठव्या दिवशी त्यांनीच खोडली. मुलीचे दिवे लागणारे बूटही बारगळले. मला मोठी गंमत वाटायची. एवढी हौस महिनाभरात जाते कुठे? वाचलेल्या पैशांतून आईच्या शिलाई मशीनला मोटर मात्र आली.

एका ओळीचं कोडं काही सुटेना. आईच्या अक्षरात 'चष्मा'. महिना भरत आला की ती जुनी तारीख खोडून नवी घालायची. असं सात वेळा झालं.

मग बाबांनी एकदा विजेचं बिल बघितलं आणि लिहिलं, 'नवा फ्रीज'. माझ्याच दारावर!

"हाच खातोय वीज. म्हातारा झाला आता," बाबा म्हणाले.

मला बोलता येत असतं तर खरं काय ते सांगितलं असतं. दुपारी घरात कुणी नसलं की आई माझं दार उघडायची. घ्यायची काहीच नाही, माझ्या दिव्यापाशी दोऱ्याची रिळं धरून रंग बघत राहायची. गारवा सगळा बाहेर जायचा आणि मी धापा टाकायचो.

माझा महिना भरला, त्याच दिवशी मुलगी शाळेतून लवकर आली. बघते तर दार सताड उघडं आणि आईचं डोकं आत.

"आई, काय शोधतेस?"

"हा दोरा काळा की निळा, सांग बरं. काल एक ड्रेस परत आला. निळ्यावर काळी शिलाई मारून बसले."

मुलीने दार लावलं. कागदावरच्या खोडलेल्या तारखा मोजल्या. "आठ महिने? बोलली का नाहीस?"

"मोटर झाली, तुझी फी झाली. म्हटलं, आपलं काय, बघू पुढच्या महिन्यात."

संध्याकाळी बाबांनी सगळं ऐकलं आणि 'नवा फ्रीज' खोडलं. "चुकलंच माझं. रोज पाणी प्यायला इथे येतो, पण ही ओळ कधी वाचली नाही. थांबायचा नियम हौसेसाठी होता गं, डोळ्यांसाठी नव्हता."

चार दिवसांनी आईला चष्मा मिळाला आणि मला दाराचं नवं रबर. चष्मा लावून ती माझ्यापुढे उभी राहिली आणि चपापली.

"अगंबाई, किती कळकट झालाय हा. आणि मी रोज पुसत होते."

तिने मला ओल्या फडक्याने कोपऱ्याकोपऱ्यातून पुसलं. किती वर्षांनी मला इतकं बरं वाटलं.

मित्रांनो, हौसेला खुशाल महिनाभर थांबवा. पण तुमच्या घरातही कुणीतरी आपलीच तारीख सारखी पुढे ढकलत असेल, तेवढी ओळ वेळेवर वाचा. आणि काही घ्यायचं नसेल तर दार लावून घ्या.